वाजवून घेतलेलं हेड

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजके दिवस, लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी माठवाला बसतो. बायका उकिडव्या बसून एकेक माठ उचलतात, बोटाच्या पेरांनी टकटक करतात, कान लावतात, नाक मुरडतात आणि दुसरा उचलतात. मी माठ वाजवून घेत नाही. हाताशी येईल तो उचलते, घरी आणून पाणी भरते. गळला तर गळला. सून म्हणते, "आई, तुम्ही दोडकासुद्धा दहा वेळा दाबून बघता, मग माठ असा कसा घेता?" तिला काय सांगायचं? नागपूरच्या मे महिन्यात कुणी काहीही वाजवून कान लावला की माझं डोकं फिरतं.

मी म्हणते तो उन्हाळा सत्तर सालानंतरचा. साल नक्की सांगत बसत नाही, पण ऊन नक्की आठवतं. सडकेचं डांबर चपलेला धरून ठेवायचं. कावळे नळाखाली चोच उघडून बसायचे. आई आम्हा सगळ्यांच्या जवळ एकेक कांदा ठेवायला लावायची, पुरुषांच्या खिशात आणि माझ्या ओढणीच्या गाठीत, ऊन लागू नये म्हणून. दारावर वाळ्याच्या ताट्या टांगलेल्या, त्यावर मी तांब्यातांब्याने पाणी मारायची, आणि क्षणभर ओल्या वाळ्याचा वास घरभर व्हायचा. त्या क्षणभरातच काय ते सुख. बाकी दिवसभर माणसं एकमेकांच्या अंगावर येत. कोणी कोणाला नुसतं "पाणी दे" म्हणालं तरी त्यात शिवी ऐकू येई.

आमचं दुकान गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आजोबांच्या वेळी तिथे हातमाग होता. माग विकला गेला, पाय सोडून बसायचा खड्डा तेवढा राहिला. त्या खड्ड्यात बाबांनी रॉकेलची टाकी उतरवली, इंजिनाचे जुने भाग भिजत घालायला. कोष्ट्याचं घर इंजिनावर आलं ते असं. सावनेर, उमरेड, मौद्याकडून शेतीपंपाची लहान डिझेल इंजिनं बैलगाडीत पडून आमच्या दारी येत आणि बाबांच्या हातून चालती होऊन परत जात. बाबांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांना ते फार आवडे, आणि ते आवडतं हे कोणाला कळलेलं मात्र आवडत नसे.

इंजिनाच्या वर जे जाड बिडाचं झाकण बसतं त्याला हेड म्हणतात. त्याच्या पोटातून पाणी खेळतं आणि खाली आग असते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, इंजिन तापलं की या हेडला तडा जातो. तडा म्हणजे केसाएवढा. थंड असताना दिसतही नाही. नवं हेड तेव्हा महिनोन्‌महिने येत नसे, म्हणून भंगारातून जुनी आणायची आणि त्यातलं चांगलं निवडायचं. दुसरे मेकॅनिक हेड रॉकेलने धुऊन, पुसून, त्यावर खडूची पूड चोळत. तडा असला तर त्यातून रॉकेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटे. बाबांना या प्रकाराची किळस होती. ते हेड दारातल्या निंबाच्या फांदीला दोराने टांगत आणि पितळी हातोडीने एकदाच वाजवत. याला आमच्याकडे घंटा पाहणं म्हणत. घंटा पाहायची वेळ आली की समोरचा शिंपी मशीनवरचा पाय काढून घेई, पानवाला रेडिओ बंद करी, आणि अख्खी गल्ली श्वास धरून उभी राही. चांगलं हेड खणखणीत वाजून बराच वेळ गुणगुणत राही. तडा गेलेलं भद्द करून गप्प होई. बाबा बोट दाखवत आणि म्हणत, "हे." त्यावर अपील नव्हतं.

रघुदादा माझा मोठा भाऊ. त्याचा कान बाबांनी तयार केला. कसा, तेही सांगते. त्याच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, दोन हेडं टांगायची, एकेक वाजवून विचारायचं, "चांगलं कोणतं?" चुकला की हातोडीचा दांडा बोटांच्या सांध्यावर. बरोबर आला तर शाबासकी नाही, पुढचं हेड. उन्हात पडलेलं बीड फडक्याशिवाय उचलायला लावत. "हात पोळल्याबिगर लोखंड समजत नाई गा." आई लोणी घेऊन धावली की म्हणत, "लाव, लाव. पोट्टीचे हात कर त्याचे." गिऱ्हाईक आलं की ओळख ठरलेली: "हा माहा पोट्टा. भंगारातून आणला." गिऱ्हाईक हसे, मग दादाही हसे. त्या माराची मला चीड येते, पण दादाच्या त्या हसण्याची जास्त येते. एकदा तरी हातातला पाना आपटून निघून जायचं होतं. तो गेला नाही. तो शिकत राहिला.

बाबांचे कान गेले ते हळूहळू. सायलेन्सर काढून इंजिन उघड्या आवाजात चालवायचं, त्याला टेकून उभं राहायचं, ही त्यांची जन्माची सवय. आधी घरातला रेडिओ मोठा झाला, मग आई मोठी झाली. गल्लीत आई कजाग म्हणून नावाजली, ती बिचारी "भाकरी वाढू का?" एवढंच विचारत असे. कोणी गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती किंवा मी बाबांच्या कोपराला हात लावायचो, म्हणजे ते तिकडे तोंड करत. मग आई आतून गिऱ्हाइकाचंच बोलणं प्रश्न करून ओरडायची, "म्हणजे परवाच्या दिवशी न्यायला येता का भाऊ?" तेवढ्यावर बाबा उत्तर देत. घराबाहेर कोणाला पत्ता नव्हता. लागूही द्यायचा नव्हता. आवाजावर हेड निवडणाऱ्या उस्तादाचे कान गेले हे कळतं, तर दुसऱ्या दिवशी दारात एक बैलगाडी थांबली नसती.

मग ते हेड निवडत कसे होते? हे कोडं दादाने सोडवलं आणि नळावर पाणी भरताना मला सांगितलं.

"सुमे, बाबा माह्या तोंडाकडे पाहून निवडते."

"म्हणजे?"

"हेड चांगलं वाजलं की माह्या भिवया वर जाते. मलेच ठाऊक नव्हतं. हातोडी मारली की बाबा हेडकडे पाहतच नाई. माह्याकडे पाहून राहिले असते."

हे सांगून तो हसला. मला वाटलं, त्याला बाबांची दया आली. माणसं ओळखण्यात मी कधीच हुशार नव्हते.

याच सुमारास धनराजभाऊ आले. सावनेरच्या अलीकडे त्यांची संत्र्याची बाग आणि कोळशाच्या फेऱ्या मारणारे ट्रक. एका ट्रकचं इंजिन पार उघडून नव्याने बांधायचं होतं. सहा सिलिंडरचं. आमच्या दुकानात तोवर एका सिलिंडरच्या वरचं काही आलं नव्हतं. ट्रक आला असता तर मागच्या गल्लीतला पंपवाला उठून सडकेवरचा गॅरेजवाला झाला असता. धनराजभाऊंनी बाजेवर बसून पन्हं प्यायलं आणि अट घातली. "उस्ताद, आधी बागेतलं लहान इंजिन बसवून द्या. हेड तुमच्या पसंतीचं. आंबिया बहार झाडावर हाय, पाणी तुटलं की फळं गळते. ते दिवसभर चाललं तं ट्रक तुमचा. नाई चाललं तं राम राम."

आई आतून ओरडली, "दिवसभर चाललं का ट्रक आपला म्हणता का भाऊ?" बाबांचा चेहरा उजळला. बाबांना तो ट्रक हवा होता, आपण अजून उस्ताद आहोत हे स्वतःला दाखवायला. दादालाही ट्रक हवाच होता, पण त्याला तो बाबांच्या हातून काढून घ्यायचा होता.

भंगारातून दोन हेडं आली. पाणी मारलेल्या मातीवर गल्ली गोळा झाली. पहिलं हेड टांगलं, बाबांनी हातोडी मारली. असं वाजलं की अंगावर काटा यावा. पानवाल्याच्या काचेच्या बरण्यांपर्यंत ते गुणगुणत गेलं. मी दादाकडे पाहिलं. त्याने तोंड वाकडं केलं होतं, डाळीत खडा लागल्यासारखं. बाबांनी दुसरं टांगलं, मारलं. भद्द. लहान पोरानेही सांगितलं असतं, फुटकं आहे. आणि दादाच्या भिवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मी तो त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

बाबा दुसऱ्या हेडवर हात ठेवून म्हणाले, "हे."

शिंप्याने मान खाली घालून कात्री पुसायला घेतली. सगळ्यांना कान होते, सगळ्यांनी ऐकलं होतं, पण उस्तादाने बोट ठेवलं म्हणजे आपलाच कान फिरला असेल असं प्रत्येकाने स्वतःला समजावलं. मी पुढे होऊन म्हणाले, "बाबा, पहिलं चांगलं..." त्यांनी माझे हलते ओठ पाहिले आणि म्हणाले, "तू आत जा. चहा ठेव." तेवढ्यात दादाने, अगदी नम्रपणे आणि मुद्दाम मोठ्याने, विचारलं, "बाबा, खडू लावून पाहू का?"

"खडू मास्तरले दे!" बाबा गरजले. गल्ली हसली. सुटकेचं दार बंद झालं, आणि कडी बाबांनी स्वतःच्या हाताने लावली.

आत जाऊन मी आईला सांगितलं. तिने तोंडात पदर कोंबला. "कसं सांगू त्याइले? ओरडून सांगितलं तं गल्ली आयकते. हळू सांगितलं तं ते आयकत नाई." मग दादा पाणी प्यायला आत आला, तेव्हा तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबा म्हणते तं तेच." आणि तांब्या पालथा घातला.

आज दादाचं हायवेवर मोठं गॅरेज आहे. तिथे तडा बघायला मशीन आहे. आमचं येणं-जाणं आहे, दिवाळीला ओवाळणी आहे. लोक मला म्हणतात, जुन्या गोष्टी कशाला धरून बसायच्या? मी धरून बसलेली नाही. मला फक्त मे महिन्यात त्याचा चेहरा पाहवत नाही. त्याने जे सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे तो दुष्ट होता असंही मला म्हणवत नाही, आणि नव्हता असंही म्हणवत नाही. बाबांनी मारून मारून एक कान तयार केला आणि त्या कानाने एक दिवस त्यांचाच घास घेतला. यात मी कोणाच्या बाजूला उभी राहू?

सावनेरला आईने मला सोबत पाठवलं. कारण डब्याचं, खरं काम कोपराला हात लावायचं. टेम्पोत इंजिनाचे भाग होते, आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड दादाच्या पायाशी होतं. बागेत गेल्यावर जरा बरं वाटलं. पानांचा वास, ओलसर आळी, हिरवी फळं. नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला संत्र्याच्या सावलीत बसलं की कोणाशीही गोड बोलावंसं वाटतं. मला वाटलं, दादालाही वाटेल.

विहिरीच्या काठावर इंजिन बसलं. सकाळी चाललं, छान चाललं. पाटात पाणी आलं, बाबा पाटात पाय सोडून बसले, धनराजभाऊंनी सिगारेट पेटवली. ऊन डोक्यावर आलं तसं हेड तापलं आणि तडा उघडला. धुराड्यातून पांढरी वाफ यायला लागली. इंजिन खोकलं, अडखळलं, बंद पडलं. दादाने हेड उतरवलं. खाली पिस्टनवर पाणी साचलं होतं. धनराजभाऊ वाकून पाहत राहिले. बाबाही पाहत राहिले. त्यांच्या मानेवरून घाम निथळत होता.

दादाने गोणपाट सोडलं. आत पहिलं हेड होतं, निंबाखाली खणखणीत वाजलेलं. त्याने ते विहिरीच्या रहाटाला दोराने टांगलं. धनराजभाऊ, त्यांचे दोन गडी, मी आणि बाबा समोर. दादाने पितळी हातोडी उचलली, जोराने हात फिरवला आणि लोखंडाला लागायच्या बोटभर अलीकडे थांबवली. वाजलं काहीच नाही. बागेत पानांची सळसळ तेवढी होती. मग दादाने बाबांकडे वळून भिवया वर केल्या, चेहरा आनंदाने भरला आणि विचारलं, "कसं वाजलं बाबा?"

मी घाबरून बाबांचं कोपर धरलं, की बोलू नका म्हणून. आमच्यात कोपर धरलं म्हणजे कोणीतरी विचारतंय, बोला.

"खणखणीत," बाबा म्हणाले. "हेच. हेच पाह्यजे होतं."

एक गडी फिस्सकन हसला. धनराजभाऊंनी सिगारेट टाकून तोंड फिरवलं. दादाने हातोडी पुन्हा फिरवली, पुन्हा अलीकडे थांबवली. "आता बाबा?"

"वा गा वा!" बाबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दादाला शाबासकी दिली, ती ही.

ते हेड बसवलं. ऊन कलता कलता इंजिन सुरू झालं आणि अंधार पडेपर्यंत थांबलं नाही. निघताना धनराजभाऊ बाबांच्या समोरच, साध्या आवाजात दादाला म्हणाले, "ट्रक पाठवतो. पण हात तुहा. म्हाताऱ्याले शिवू देऊ नोको." दादा म्हणाला, "नाई शिवणार." आपल्याबद्दल काही चांगलंच चाललंय असं समजून बाबांनी दोघांनाही मान डोलावली. टेम्पोत मी दादाकडे पाठ करून बसले. त्याला काही फरक पडला नाही. तो शीळ घालत होता.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. नेहमीसारखी ओरडली, "काय झालं? चाललं का इंजिन?"

बाबांनी तिला हातानेच थांबवलं. "ओरडून काहून राहिली वं? हळू बोल. मले ऐकू येऊन राहिलं. पोट्ट्यानं सावनेरले घंटा वाजवली, साफ आयकली म्या."

खोटं बोलत होते की त्यांना खरंच तसं वाटलं होतं, मला आजवर कळलेलं नाही. आई मात्र जागच्या जागी रडायला लागली. देवापुढे साखर ठेवली, आमच्या हातावर ठेवली, दादाच्याही ठेवली. त्याने ती खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून आई हळू बोलायला लागली. कितीतरी वर्षांनी तिला तिचा स्वतःचा आवाज सापडला होता, बारीक आणि गोड. बाबा तिच्या तोंडाकडे नीट पाहत आणि "हो" म्हणत. मी तिला सगळं सांगितलं, एकदा नाही, पुन्हापुन्हा. विहिरीचं, हातोडीचं, सगळं. ती म्हणाली, "तुले बापाचं बरं झालेलं पाहवत नाई. मी बोलते ते त्याइले सारं समजते. हो म्हणते ते मले." दादाला विचार म्हटलं, तर दादा म्हणाला, "बाबा म्हणते ऐकू येते, तं येतच असंन." मग त्याच पावसाळ्यात माझं लग्न होऊन मी उमरेडला गेले.

माहेरपणाला आले तेव्हा दारात ट्रकचं इंजिन होतं, दादा त्यात कोपरापर्यंत बुडालेला, आणि बाबा आत भिंतीला टेकून बसलेले. जेवायला वाढताना आई त्यांच्याजवळ बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अजी, लय मारलं तुम्ही रघूले. ओरडून सांगता येत नव्हतं, म्हणून बोलली नाई. आता एक डाव त्याच्या पाठीवरून हात फिरवा. बाकी मले काही नोको." बाबांनी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. "हो," म्हणाले. "बरोबर हाय." आणि भाकरी कुस्करायला लागले. तेवढ्यात दादा हात धुऊन शेजारच्या पाटावर येऊन बसला. आई वाट पाहत राहिली. बाबा तिच्याकडे पाहून हसले आणि जेवत राहिले.

पुढे ती त्यांना हे अनेकदा म्हणाली असणार. ते दरवेळी हो म्हणाले असणार. बाबा गेले, आणि काही वर्षांनी आईही अंथरुणाला खिळली. मी उशाशी बसले होते. तिचा आवाज आता आपोआपच हळू झाला होता. म्हणाली, "तुहा बाप कान असून दगडाचा निघाला वं. सारं आयकलं, हो म्हटलं, पण पोट्ट्याच्या पाठीवर हात नाई ठेवला. याच्यासाठी मी त्याले माफ नाई केलं, अन्‌ करणार नाई."

पायथ्याशी दादा तिचे पाय चेपत बसला होता. त्याने ऐकलं, आणि तो चेपत राहिला.